चामखीळ जाळणारी बाई

मी पार्लरवाली आहे. बोनकोड्यात, गावठाणातल्या एका घराच्या तळमजल्यावर माझं एका खोलीचं पार्लर आहे. एकोणीस वर्षं झाली. आयब्रो, फेशियल, नवरीचा मेकअप आणि गेली चारेक वर्षं चामखीळ काढणं. शेवटचं काम मी आता करत नाही. का करत नाही, ते सांगायला हे लिहितेय.

प्राची, माझी मुलगी, म्हणाली, "मम्मी, आजारातून उठलेल्या लोकांचं लिहिलेलं लोक वाचतात. तू पण लिही." मी म्हटलं, त्या लोकांनी धीर दिलेला असतो गं. माझ्याकडे धीर कमी आणि लाज जास्त. ती म्हणाली, "मग लाजच लिही." पोरगी माझ्यावरच गेलीय, बोलायला लागली की समोरच्याला जागाच ठेवत नाही.

नाकाजवळचा ठिपका

डाव्या नाकपुडीच्या कडेला, चमकी घालतात त्याच्या जरा वर, मला एक काळा ठिपका आला होता. तांदळाच्या कणीएवढा. तीळ म्हणून मी खूशच होते. बायका म्हणायच्या, ताई, तुम्हाला शोभतो. वर्षभरात तो उंच झाला, मण्यासारखा चकाकायला लागला. मग मी ठरवलं की ही चामखीळ आहे. ठरवलं म्हणजे काय, मीच ठरवणारी! ठाण्याला एका हॉलमध्ये दोन दिवसांचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट फोटोसकट भिंतीवर लावलं होतं. मशीन पेनासारखं असतं, टोकाला सुई, सुई तापते, चामखीळ जळते. वरून सुन्न करायचं क्रीम लावलं की बाईला फार कळत पण नाही.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. मी आरशासमोर बसले, क्रीम लावलं आणि स्वतःच्या नाकावरचं ते स्वतःच जाळलं. हात जरा पण थरथरला नाही. नवव्या दिवशी खपली पडली, खाली गुलाबी नवी कातडी. मी काय करावं? आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून स्टेटस टाकलं. 'चामखीळ गायब! एकाच सिटिंगमध्ये! मी स्वतःवर करून बघितलंय!' तीन उद्गारचिन्हं. त्या स्टेटसवरून बायका यायला लागल्या, आणि भानूमावशी पण त्याच स्टेटसवरून आली. तिच्याबद्दल पुढे सांगते. आत्ताच सांगायला घेतलं तर बाकीचं राहून जाईल.

सहा महिन्यांनी ते परत आलं. मी परत जाळलं. परत आलं, परत जाळलं. स्टेटस मात्र काढलं नाही. दर दोन-चार महिन्यांनी तोच जुना फोटो टाकत राहिले आणि खऱ्या नाकावर फाउंडेशन थापत राहिले. आमचे हे, सुनील, पावण्याला एका कंपनीत स्टोअरमध्ये आहेत. ते दोनदा म्हणाले, "वंदे, हे डॉक्टरला दाखव एकदा." मी म्हटलं, "तुम्ही तुमचे नटबोल्ट मोजा. माझ्या धंद्यातलं मला कळतं."

मग एकदा एका नवऱ्या मुलीला हळदीच्या आदल्या दिवशी फेशियल करत होते. ती डोळे उघडून म्हणाली, "ताई, तुमच्या नाकातून रक्त येतंय." नाकातून नव्हतं येत. त्या ठिपक्यातून येत होतं, आणि एक थेंब तिच्या कपाळाला बांधलेल्या पांढऱ्या पट्टीवर पडला होता. मी पट्टी बदलली, सॉरी म्हटलं, उष्णतेने होतं असं काहीतरी सांगितलं. मेकअपला ती दुसरीकडे गेली.

मी डॉक्टरला काय सांगितलं

वाशीला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. वय जेमतेम पस्तीस. त्यांनी लाइटवालं छोटं भिंग नाकाला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. चांगलं असतं तेव्हा डॉक्टर इतका वेळ बघत नाहीत, हे मला तेव्हाच समजलं.

"हे कोणी जाळलंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. गावाला, महाडकडे एक म्हातारी आहे. तिने चुना लावला होता."

असली कुठलीही म्हातारी नाही. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. मी मान वर करून बसले.

मॅडम त्या म्हातारीवर चिडल्या. म्हणाल्या, "त्या बाईंना सांगा, पुन्हा कोणाला करू नका म्हणावं. जाळलं की तपासायला तुकडाच उरत नाही. वरून बरं दिसतं, आत वाढत राहतं. साधी चामखीळ, तीळ आणि कॅन्सर, कधी कधी तिन्ही सारखेच दिसतात. मला पण नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर तुकडा काढून पाठवायचा."

मी म्हटलं, "हो मॅडम, सांगते त्यांना."

एवढं शिकलेली बाई म्हणते मला सांगता येत नाही, आणि मी दोन दिवसांच्या कोर्सवर चार वर्षं सांगत होते. हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं होतं. तरी मी खरं बोलले नाही. रिक्षात ह्यांनी एकच वाक्य म्हटलं, "खोटं तू बोललीस, आणि शेजारी मला बसवलंस." त्यानंतर दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

रिपोर्ट

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मॅडमनी नाव सांगितलं, बेसल सेल कार्सिनोमा. मला त्यातलं शेवटचंच कळलं. त्या म्हणाल्या, "हा कॅन्सरच आहे, पण त्यातल्या त्यात बरा. सहसा बाकी शरीरात जात नाही. जागच्या जागी कुरतडत जातो. तुमचा खोल गेलाय, नाकपुडीचा काही भाग काढावा लागेल. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर चार टाक्यांत काम झालं असतं."

मला भीती वाटली का? वाटली ना. पण खरं सांगू, पहिला विचार मरणाचा नव्हता. पहिला विचार आला की गावात काय सांगायचं. पार्लरवालीचंच नाक गेलं, तेही तिने स्वतः जाळून! हसतील बायका. दुसरा विचार प्राचीच्या लग्नाचा आला, फोटोत मी कशी दिसेन म्हणून. लोक म्हणतात अशा वेळी माणूस मोठा होतो. मी काही झाले नाही.

प्राची रडली नाही. तिने माझा फोन घेतला, ते स्टेटसचे फोटो गॅलरीतून एकेक करून पुसले आणि फोन परत दिला. म्हणाली, "आता तरी टाकू नकोस."

तो वास

ऑपरेशन जागेपणीच झालं. फक्त चेहऱ्याची बाजू सुन्न केली होती. डोळ्यांवर हिरवं कापड. कापताना काही कळलं नाही, नुसतं ओढल्यासारखं. मग रक्त थांबवायला त्यांनी मशीन लावलं. बारीक 'च्यर्र' असा आवाज आला आणि वास आला.

तो वास मी ओळखते. केस आणि कातडी जळण्याचा. माझ्या खोलीत तो आला की मी अगरबत्ती लावायचे, पंखा पाचवर करायचे आणि बाईला म्हणायचे, "झालं हं ताई, झालंच." टेबलावर डॉक्टर पण तेच म्हणाले, "झालंच हं ताई." कापडाखाली माझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. सिस्टरने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही. ते मात्र खरं होतं.

गालाची कातडी वळवून नाकपुडीला लावली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. सकाळी सहाला बीपी, मग ड्रेसिंग, मग मीठ नसल्यासारखा उपमा. बाथरूममधल्या आरशावर मी ओढणी टाकून ठेवली. मान खाली करायची नव्हती म्हणून केस विंचरता येत नव्हते. तिथली एक आया, सोलापूरकडची, तिने आपण होऊन माझ्या दोन वेण्या घातल्या. एक जाड, एक बारीक, भांग तर ठाण्याला जाऊन परत आलेला! एकोणीस वर्षं मी लोकांचे भांग पाडले आणि त्या वेड्यावाकड्या वेण्यांवर हात फिरवत मी अर्धा तास बसले होते. इतकं बरं मला त्या आठवड्यात दुसऱ्या कशाने वाटलं नाही.

टाके काढायला गेले तेव्हा मॅडम आपल्या नेहमीसारख्या हळू हळू काम करत होत्या. आणि मी बोलून टाकलं. "मॅडम, गावाला म्हातारी-बितारी कोणी नाही. मीच जाळलं. माझं पार्लर आहे."

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अजून किती जणींचं जाळलंय?"

मी म्हटलं, चाळीस-बेचाळीस.

"मानेवरचे, काखेतले, मऊ लोंबणारे मस असतील तर बहुतेक काही नसतं. तरी सगळ्यांना कळवा. पण मला सांगा, काळं, तळपायाला, तळहाताला, नखाखाली, असं कोणाचं होतं का?"

मी म्हटलं, "आठवावं लागेल."

आठवावं कशाला लागेल? ते म्हणत असतानाच मला भानूमावशीची टाच दिसत होती.

टाच

भानूमावशी म्हणजे गावातलीच आगरी बाई, पासष्टीची. बाजारात मासळी विकायला बसते. आमचे घरमालक तिच्याच भावकीतले. मी लग्न होऊन इथे आले, पार्लर टाकलं, तेव्हा बाहेरगावची बाई, शिवाय जयभीमवाली म्हणून चार जणींनी नाकं मुरडली होती. ही आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझ्या भिवया कर गो. मंग बगू कोन नाय येत ते." तिच्यामागून सगळं गाव आलं.

ह्या सगळ्याच्या आठ महिने आधी तिच्या सुनेने माझं ते स्टेटस दाखवलं म्हणून ती आली. डाव्या टाचेच्या कडेला काळं कुरूप झालं होतं, चप्पल लागायची. कुरूप असं काळं नसतं. कडा पण वाकड्यातिकड्या होत्या, एका बाजूला शाई सांडल्यासारखी. मी बघितलं होतं. बघून मला वाटलं होतं की मासळीच्या पाण्याने काळं पडलं असेल. जाळून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने सुके बोंबील पाठवले.

घरी आल्यावर मी आणि प्राचीने बसून यादी केली. एकेकीला फोन केला. काही हसल्या, एकीने मला भरपूर शिव्या दिल्या, बऱ्याच जणी दाखवून आल्या, कोणाचं काही निघालं नाही. भानूमावशीला मात्र मी फोन केला नाही. ह्यांनी सांगितलं, "आधी स्वतःची जखम भरू दे. गावातली माणसं आहेत, खोली तिच्या भावकीतली आहे. काही नसलं तर उगाच बोंब होईल." प्राची म्हणाली, "आणि असलं तर?" दोघं माझ्यासमोर भांडले. मला ह्यांचं पटलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. बावीस दिवस मी तिच्या गल्लीतून जायचं टाळलं. भाजीला लांबच्या रस्त्याने गेले. कॅन्सर काय करतो ते स्वतःच्या नाकावर बघितलेली बाई मी, आणि बावीस दिवस गप्प बसले. माझ्या आजारातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. नाक तर काय, मास्क लावला की झाकतं.

तेविसाव्या दिवशी प्राची ऑफिसला निघताना चप्पल घालत म्हणाली, "आज तू गेली नाहीस तर संध्याकाळी मी जाणार." मी गेले.

मावशी ओटीवर जवळा निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "अगो बाय, नाकाला काय झायलं?" आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मी ते बघितलं.

"मावशी, टाच दाखवा."

"बरी हाय टाच."

"दाखवा ना."

तिने पाय काढला. जुन्या साडीची चिंधी बांधली होती. मी सोडली. ते परत आलं होतं, बोराएवढं, काळं, मधे ओलं. जांघेत पण एक गाठ लागते असं ती नंतर बोलली.

"मला का नाही सांगितलं?"

ती जवळ्यातच बघत राहिली. "कुठल्या तोंडानं सांगू गो? तू सांगितलवतंस, आठ दिस पानी लावायचं नाय. मी दुसऱ्याच दिशी बाजारात बसली. पाय वलाच. तू येवढं चांगलं केलवतंस, मीच बिगरवलं." मग जरा हसून म्हणाली, "परत जालून टाक ना. ह्या वेलेला नाय पानी लावनार, शपत."

माझ्या हातात तिची टाच होती. मी चिंधी परत बांधली. आणि म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला." पाण्याचं बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.

मावशीचा रिपोर्ट

मावशीचं आत्ता काय ते आधी सांगून टाकते. टाचेचं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. तिचा कॅन्सर दुसऱ्या जातीचा, मेलानोमा. तो माझ्यासारखा जागच्या जागी बसत नाही. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध चालू आहे. डॉक्टर बरी होईल असं म्हणत नाहीत, औषध लागू पडतंय असं म्हणतात. तिचा मुलगा रमाकांत माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबर करतो. खोली अजून आहे, का आहे ते मला माहीत नाही. पार्लरमध्ये मशीन नाही, सर्टिफिकेट नाही. कोणी काळं, वाढणारं, रक्त येणारं किंवा काढून परत आलेलं काहीही दाखवलं की मी हात लावत नाही, मॅडमचा पत्ता देते. माझं नाक बघितलं की बायका वाद घालत नाहीत.

आता रिपोर्ट आला त्या दिवसाचं. मॅडमच्या केबिनमध्ये मावशी, रमाकांत आणि दाराजवळ मी. मॅडमनी अगदी सावकाश समजावलं. मावशीला कॅन्सर शब्द कळला. ती रडली-बिडली नाही, पदर नीट केला आणि मॅडमना विचारलं, "पानी लागलं म्हनून झायला ना?"

मॅडमना कळेना. "कसलं पाणी?"

"जाललं तवा ही बोललीवती, पानी लावू नको. मी लावलं."

रमाकांत म्हणाला, "आठ महिने आम्ही तिला तेच सांगतोय, मॅडम. ऐकलं नाय तिनं."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या बोलल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. पण त्या थांबल्या.

मी म्हटलं, "पाण्याने नाही झालं, मावशी. ते आधीपासून कॅन्सरच होतं. मला ओळखता आलं नाही आणि मी जाळलं. तेव्हा डॉक्टरकडे पाठवलं असतं तर लहान असताना निघालं असतं. मग मला समजलं, तरी मी बावीस दिवस तुम्हाला सांगितलं नाही. घाबरले."

रमाकांत उठून उभा राहिला. मला वाटलं आता मारतो. मी भिंतीला लागून उभी राहिले आणि मनात म्हटलं, मारू दे.

मावशीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला. ती माझ्याकडेच बघत होती. तिने विचारलं, "म्हंजे, माजी चूक नवती?"

"नाही, मावशी. तुमची काहीच चूक नव्हती."

तिने मोठा श्वास सोडला, खुर्चीत मागे टेकली आणि लेकाला म्हणाली, "ऐकलंस? घरी जाऊन बायकोला सांग तुज्या. आठ महिने उगाच बोलत व्हती मना."